प्लास्टरची ऊब

माझं काम साच्यांचं. दगड घडवणारे वेगळे आणि आम्ही वेगळे. त्यांना सवड असते. मध्येच छिन्नी खाली ठेवून तंबाखू ओढता येतो. प्लास्टर एकदा पाण्यात पडलं की ते कुणासाठी थांबत नाही. साग्रादा फामिलिया या बांधकाम चालू असलेल्या देवळाच्या आवारातल्या साच्यांच्या शेडमध्ये मी चौदाव्या वर्षी लागलो आणि हात थरथरायला लागेपर्यंत तिथेच राहिलो. माझं नाव फेलिऊ. शेडमध्ये आडनावाने मला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा ते सांगून उपयोग नाही.

देऊळ उभारणाऱ्या गाउदीसाहेबांचा हट्ट असे की मूर्ती मनाने करायची नाही, देहावरून करायची. त्यामुळे आमच्या वस्तीतले निम्मे लोक आज त्या पूर्वेच्या भिंतीवर चढून बसलेत. शेळ्या राखणारा आहे, खानावळीतला वाढपी आहे. आम्ही कोंबड्यांना गुंगी देऊन त्यांचे साचे घेतले, एका गाढवाला पट्ट्यांनी टांगून त्याचा घेतला. गाढवाने लाथ मारून बादली उडवली तेव्हा आठवडाभर सगळे हसत होते. कामात असं हसणं चालायचंच.

एका वर्षी जानेवारीत सकाळीच आमच्या शेडचा व्हेंतुरा मिस्त्री मला म्हणाला, "आज गावात जायचंय. एक पोतं बारीक प्लास्टर घे, तेल घे, मऊ कुंचले घे."

"कुणाचा साचा?"

"लहान आहेत."

"कोंबड्या?"

तो पुढे चालायला लागला. एरवी बोलका माणूस. ट्रामच्या मागच्या फळीवर पोतं ठेवून आम्ही जुन्या गावात उतरलो, तेव्हा कुठे त्याने सांगितलं. हेरोद राजाने बेथलेहेमची तान्ही मुलं मारली, तो देखावा भिंतीवर यायचा होता. त्यासाठी तान्ही मुलं हवी होती. जिवंत तान्ह्याचा साचा घेता येत नाही.

इस्पितळाच्या तळघरात एक लांबट खोली होती. दगडी टेबल, आणि वर छताशी एक खिडकी. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. सिस्टर कासिल्दा नावाची एक नन धुण्याची टोपली घेऊन आली. तिच्यात तिघं होती, कापडात गुंडाळलेली. जन्मताना श्वास न घेतलेली.

"दुपारी दफनाची गाडी येते," ती म्हणाली. "त्याच्या आत आटपा."

पहिली दोन मिस्त्रीने केली. तिसरं माझ्या हातात दिलं. मी वीस वर्षांचा होतो. मुलगा होता, चांगला भरलेला, डोक्यावर काळं जावळ. डाव्या पायाची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, एकमेकांना जोडलेली होती. मी मिस्त्रीला दाखवली.

"जसं आहे तसं येऊ दे," तो म्हणाला.

मी अंगाला तेल लावलं, जावळावर साबण फासला, प्लास्टर कालवून ओतलं आणि ते धरण्याची, म्हणजे घट्ट होण्याची, वाट बघत बसलो. साचा सोडवला आणि मूल उचललं, तर ते गरम होतं. आंघोळ घालून नुकतंच पुसून घेतल्यासारखं.

"मिस्त्री, हे गरम आहे."

"प्लास्टर तापतंच धरताना. तुला काय आज कळलं?"

"मिस्त्री, हे गरम आहे."

तो आला. त्याने हात लावला आणि मला वाटलं तो ओरडेल, पण त्याने खाली वाकून मुलाच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग उभा राहून हात पुसले आणि म्हणाला, "प्लास्टर." सिस्टरने मूल कापडात घेतलं आणि टोपलीत ठेवलं. परत येताना ट्राममध्ये आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

*

रेमेय मला पाच वर्षांनी भेटली. आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला सुताची गिरणी होती, तिथे ती कामाला होती. मावशीकडे राहायची. बारीक, सावळी, आणि बोलायला लागली की समोरच्याने गप्प बसावं अशी. लग्नाचं मी विचारलं त्याच दिवशी तिने सांगून टाकलं.

"अर्धी गिरणी तुला सांगेलच, म्हणून मीच सांगते. बेर्नात नावाचा एकजण होता. त्याला क्यूबाच्या लढाईवर पाठवलं, तो तिकडेच तापाने गेला. तो गेल्यावर मला मूल झालं. मेलेलं. जानेवारीत, मोठ्या इस्पितळात. आता तुला नको असेन तर टोपी घाल आणि जा. मी रडणार नाही."

मी टोपी घातली नाही. कुठलं साल, कुठलं इस्पितळ याचा हिशेबही तेव्हा मनात आला नाही. माणूस लग्नाच्या नादात असला की त्याला ऐकू येतं ते सगळं आत जात नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ती स्वयंपाकघरात पितळी परातीत पाय धूत बसली होती. डाव्या पायाची दोन बोटं जोडलेली होती.

"काय बघतोस?" ती म्हणाली. "बदकाची बोटं. आईचीही अशीच होती. आजीचीही. आमच्या घरात हीच इस्टेट." मग थोडं थांबून म्हणाली, "त्याचीही होती. मला दाखवलं नाही त्यांनी, पण सिस्टर घेऊन जाताना कापडातून एक पाय बाहेर आला. तेवढा हाताला लागला."

मी पाणी आणायला म्हणून बाहेर पडलो आणि नळाजवळ उभा राहिलो. बायका म्हणाल्या, फेलिऊ, घागर भरून वाहतेय.

सांगायला हवं होतं, त्याच दिवशी. पण त्या दिवशी वाटलं, नव्या नवरीला हे काय सांगायचं. महिन्याने वाटलं, महिनाभर का गप्प बसलास म्हणून विचारेल. वर्ष झाल्यावर तर तोंडच राहिलं नाही. आम्हाला मूल झालं नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो. त्या हाताचीच मला भीती वाटत होती.

दरम्यान तो देखावा दगडात उतरून भिंतीवर चढला. उगारलेल्या हाताचा शिपाई, त्याचे पाय धरून बसलेली बाई आणि खाली पडलेली मुलं. रेमेयला बाजाराला जायचं तर तिथूनच वाट होती, पण ती वळसा घालून जायची.

"कुणाच्या डोक्यातून निघतं रे असलं?"

"बायबलात आहे."

"बायबलात आहे म्हणून रोज बघायचं का? बायबलात पुष्कळ चांगलंही आहे."

मी सूप पीत राहिलो.

*

आठ वर्षं अशी गेली. मग सेंट जोसेफच्या सणाला आवारातच कामगारांचं जेवण होतं. बायकापोरांना बोलावलं होतं. फळ्यांची लांब टेबलं, चणे घातलेला खारा मासा, वर दुधाची घट्ट मलई, आणि चोचीच्या सुरईतून हातोहात फिरणारी दारू. व्हेंतुरा मिस्त्री तेव्हा काम सोडून घरी बसलेला होता, पण सणाला आला होता. चांगली दारू चढली होती. गिरोनाकडून आलेल्या एका नव्या पाथरवटाने त्याला विचारलं, "मिस्त्री, ती वरची मुलं कुणी घडवली? इतकं लोंबणारं अंग दगडात येत नाही कधी."

"घडवली नाहीत," मिस्त्री म्हणाला. "ती खरीच आहेत. इस्पितळातून घेतली. विचार या फेलिऊला, आम्ही दोघं गेलो होतो. पोरगं घाबरलं होतं नुसतं."

रेमेय हातात मलईचं ताट घेऊन माझ्या मागे उभी होती. तिने ताट टेबलावर ठेवलं. आवाज अगदी साधा होता.

"कुठल्या इस्पितळातून, मिस्त्री?"

"मोठ्या. दुसरं कुठलं?"

"कधी?"

"झाली की बरीच वर्षं. क्यूबाहून तापाने भरलेले शिपाई उतरत होते बंदरात, त्या हिवाळ्यात. जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर." मग त्याला माझं तोंड दिसलं असावं. "जाऊ दे गं. सणाच्या दिवशी काय हे बोलणं."

ती बसली. मलई खाल्ली. शेजारणीच्या मुलाच्या गळ्यात रुमाल बांधून दिला. आम्ही घरी आलो. तिने दार लावलं, शाल खुंटीला अडकवली आणि मग विचारलं.

"किती होती?"

"तीन."

"त्यातल्या एकाची बोटं?"

मी मान हलवली.

"तोंडाने बोल."

"हो. डाव्या पायाची."

ती खुर्चीवर बसली. हात मांडीवर. "मुलगा होता की मुलगी?"

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे तिला कुणी एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं. "मुलगा," मी म्हणालो.

"मुलगा." तिने तो शब्द तोंडात धरून बघितला. "केस?"

"काळे. दाट."

"तुला कधी कळलं, तो माझा म्हणून?"

"पाय धूत होतीस तेव्हा. लग्नानंतरच्या रविवारी."

ती मला मारेल असं वाटलं होतं. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे आठ वर्षं तू माझ्या ताटाशेजारी बसून जेवलास, आणि माझा मुलगा कसा दिसत होता ते तुला माहीत होतं आणि मला नव्हतं."

मी म्हणालो, "मला भीती वाटली." तेही खरंच होतं.

"तुला भीती वाटली," ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली.

*

पुढचा आठवडा घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. शनिवारी तिने सांगितलं, "उद्या सगळे मिसेच्या प्रार्थनेला जातील तेव्हा मला शेडमध्ये ने."

किल्ली माझ्याकडेच असायची. शेडमध्ये छतापासून भिंतींपर्यंत प्लास्टरचे अवयव टांगलेले असत. हात, पाय, मुंडकी, पंख. आम्हाला त्याची सवय, पण बाहेरचा माणूस दारातच थबकायचा. रेमेय थबकली नाही. ती सरळ आत गेली आणि एकेक पाय हातात धरून बघायला लागली. मोठी माणसं, म्हातारी माणसं, सगळ्यांचे. मी म्हणालो, "तो इथे नाही. मागे आहे." मागच्या फळीवरून मी त्या साच्यात ओतलेलं प्लास्टरचं मूल खाली काढलं आणि धूळ फुंकली.

तिने ते मांडीवर घेतलं. आधी पाय बघितला. बोटांवरून अंगठा फिरवला. मग तोंड बघितलं, बराच वेळ. रडली नाही.

"हलका आहे."

"आतून पोकळ असतं."

"तो असा हलका होता?"

"नाही. जड होता. चांगला भरलेला होता."

तिने मान हलवली, जणू हे तिला आधीच वाटत होतं. मग त्या पांढऱ्या गालाला गाल लावला आणि बाजूला केला. "किती गार. असाच गार असेल ना तो?"

इथे माझं चुकलं. एवढ्या वर्षांत तिला मी काही दिलं नव्हतं, फक्त लपवलं होतं. मला वाटलं, आता निदान एक चांगली गोष्ट द्यावी.

"गार नव्हता," मी म्हणालो. "माझ्या हातात आला तेव्हा ऊबदार होता. झोपेतून उचलल्यासारखा."

"ऊबदार?"

"हो."

"मेलेलं मूल ऊबदार कसं असेल, फेलिऊ?"

मग मला कळलं मी काय बोलून बसलो ते. मी घाईघाईने सगळं सांगितलं. प्लास्टर धरताना तापतं, ती ऊब अंगाला लागते. मिस्त्रीने छातीला कान लावून बघितलं, काही नव्हतं.

"मिस्त्रीने कान का लावला?"

"मीच घाबरलो म्हणून."

"म्हणजे तुला वाटलं. तुला वाटलं की तो जिवंत आहे."

"एक क्षण."

"आणि मिस्त्री. त्यालाही वाटलं, नाहीतर कशाला कान लावेल?" तिने मूल फळीवर ठेवलं, अगदी सांभाळून, डोक्याखाली हात धरून. "तुमच्यापैकी डॉक्टर कोण होता?"

*

त्या दिवसापासून तिची झोप गेली. गिरणीत तिच्या मागावर दोनदा धागा गुंतला आणि मुकादमाने तिला घरी पाठवलं. ती माझ्याशी भांडत नव्हती. फक्त प्रश्न विचारायची. भाजी चिरताना, जिन्यात, कपडे वाळत घालताना. हात गरम होते की पोटही? ओठांचा रंग कसा होता? डोळे मिटलेले होते की तुम्ही मिटले? मला आठवत होतं ते मी सांगायचो, आणि आठवत नसलेलंही कधीकधी सांगायचो, तिचं समाधान व्हावं म्हणून. मग दोन उत्तरं जुळायची नाहीत आणि ती म्हणायची, "काल तू वेगळं सांगितलंस."

एका गुरुवारी कामावरून घरी आलो तर ती टेबलाशी बसलेली. समोर मेलेला ससा, कातडीसकट, बाजारातून आणलेला.

"तुझं प्लास्टर आण," ती म्हणाली.

"रेमेय."

"आण. मी कधी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

मी शेडमधून अर्धं पोतं आणलं. कसं कालवायचं ते तिने विचारलं आणि स्वतःच्या हातांनी कालवलं. सशाच्या अंगाला तेल लावलं. त्याचा साचा मी घेतला, तेव्हा घेतला होता तसाच, तितकाच जाड. ती घड्याळाकडे बघत बसली. मी साचा सोडवला आणि तिने ससा दोन्ही हातांत घेतला. तो गरम होता.

तिने डोळे मिटून तो छातीशी धरला. जिन्यातून शेजारणीचं हसणं ऐकू येत होतं. केव्हातरी ती म्हणाली, "आता गार झाला."

"बघितलंस ना? प्लास्टरच होतं ते."

"बघितलं." तिने ससा टेबलावर ठेवला. "तू त्याला सिस्टरकडे दिलंस तेव्हा तो गार झाला होता?"

"नाही. लगेच दिला."

"म्हणजे अजून ऊबदार असताना दिलास. आणि ती म्हणाली काय? गाडी येतेय."

मला वाटलं होतं सशाने हे संपेल. अर्धं संपलंही असावं, कारण त्यानंतर तिने तो जिवंत होता का असं विचारलं नाही. तिने विचारलं, "त्याला ठेवलंय कुठे?"

*

सिस्टर कासिल्दा अजून त्याच इस्पितळात होती. आता म्हातारी झाली होती, गुडघ्यांनी अधू, औषधांच्या खोलीत बाटल्या पुसण्याचं काम करायची. तिला आम्ही आठवलो नाही. साच्यांचं सांगितल्यावर आठवलं.

"मी स्वतः नाकापाशी आरसा धरला होता," ती म्हणाली. "तिन्ही मुलांच्या. साचेवाले येण्याच्या दोन तास आधी. मुली, त्याने एकही श्वास घेतला नाही. देवाशपथ सांगते."

"मग मला का दाखवला नाही?"

"तेव्हा दाखवायची रीत नव्हती. दाखवलं की बाया सोडत नाहीत."

"साचा घ्यायला दिलात तेव्हा मला विचारलं नाहीत."

"तू तापात होतीस. आणि काय विचारणार होतो?" म्हातारीने बाटली खाली ठेवली. तिचे हात ओले होते. "देवळासाठी होतं. मला वाटलं, ज्यांना नाव नाही, बाप्तिस्म्याचं पाणी नाही, त्यांना निदान देवाच्या भिंतीवर जागा मिळेल. मला ते चांगलंच वाटलं होतं. अजूनही रोज प्रार्थना करते त्यांच्यासाठी."

रेमेयने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर मला कळलं असतं. "भिंतीवर आहे तो याचा आहे," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "माझा कुठे आहे?"

बाप्तिस्मा न झालेली मुलं समुद्राकडच्या जुन्या दफनभूमीत जायची, पण आत नाही. कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक पट्टा होता, तिथे. आम्ही तसेच तिकडे गेलो. खोदकाम करणारा माणूस कबरींवरची सुकलेली फुलं गोळा करत होता. त्याला विचारलं तर त्याने हातातल्या खराट्याने दिशा दाखवली.

"तो पट्टा आता आमच्याकडे नाही. विकला. कोळशाची वखार झाली तिथे, चार वर्षं झाली."

"आणि जे खाली होतं ते?"

"बाई, खाली असतं ते खालीच असतं. कोण उकरतंय?"

वखारीचा राखणदार भला माणूस होता. त्याने फाटक उघडलं आणि म्हणाला, "मालक दोन वाजता येतो, त्याच्या आत बघून घ्या." बघण्यासारखं काही नव्हतं. कोळशाचे ढीग, काही माणसाच्या दुप्पट उंच, आणि मधून हातगाड्यांच्या चाकोऱ्या. पलीकडे आगगाडीचे रूळ आणि त्यापलीकडे समुद्र. रेमेय दोन ढिगांमधून भिंतीपर्यंत चालत गेली. तिथे थोडी मोकळी जमीन होती, काळी. ती खाली बसली, तळहात जमिनीवर टेकवला. मी मागे उभा राहिलो. पुढे जावं की नाही ते कळेना.

थोड्या वेळाने ती मागे न बघता म्हणाली, "तू फाटकाशी जाऊन थांब."

मी जाऊन थांबलो. राखणदाराने मला तंबाखू दिला. "कोण होतं?" त्याने विचारलं.

"मुलगा."

"तुमचा?"

मी नाही म्हणालो. त्याने पुढे विचारलं नाही. एक मालगाडी गेली, मग दुसरी. दोन वाजायच्या आत ती आली. परकराला, हातांना कोळसा. राखणदाराला नमस्कार केला आणि आम्ही घरी आलो.

*

ती मला सोडून गेली असं मी लोकांना कधी म्हटलं नाही. तिची बहीण तेक्ला समुद्राकाठच्या मातारो गावी होती, तिथे पायमोज्यांच्या कारखान्यात काम मिळत होतं. ती बहिणीकडे राहायला गेली. जाताना माझे सदरे धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. भांडण झालं नाही. मी विचारलं, "परत येशील?" ती म्हणाली, "मला तुझे हात बघवत नाहीत, फेलिऊ. तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण बघवत नाहीत."

"काम सोडतो मी."

"मग करशील काय? दुसरं काय येतं तुला?"

खरंच होतं. महिन्यातून एका रविवारी मी गाडीने मातारोला जायचो. आम्ही बंदरावर चक्कर मारायचो, तळलेले छोटे मासे खायचो. ती कारखान्यातल्या बायकांच्या गमती सांगायची आणि कधीकधी हसायची. मी हात खिशात ठेवायचो. सात वर्षं असं चाललं. आता वाटतं, संसार म्हणून ती वर्षं वाईट नव्हती. पण ते गाडीच्या वेळेपुरतं.

मग साथीचा ताप आला, त्या शरदात. आमच्या रस्त्यावर रोज दोन-तीन शवपेट्या जायच्या. तेक्लाची तार आली तेव्हा रेमेय आजारी आहे असं तिच्यात होतं. मी पोचलो तेव्हा ती गेली होती. शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या, मेणबत्त्या लावल्या होत्या. तेक्ला माझ्या आधी खोलीत गेली आणि पलंगाच्या उशाशी खुर्ची घेऊन बसली.

मी म्हणालो, "तेक्ला, तू दोन रात्री झोपली नाहीस. जरा पड. मी आहे."

"नाही," ती म्हणाली.

"नवरा आहे मी तिचा."

"म्हणूनच." तेक्ला गरीब स्वभावाची, कुणाला उलट बोलणारी नव्हती. मान खाली घालून म्हणाली, "तिने माझ्याकडून वचन घेतलंय, भावोजी. तुम्हाला तिच्याजवळ एकटं बसू द्यायचं नाही. तिचा चेहरा घेऊ द्यायचा नाही."

तेव्हा तशी पद्धत होती. माणूस गेला की घरचे साचेवाल्याला बोलवायचे, चेहऱ्याचा ठसा घेऊन ठेवायचे; मी स्वतः कितीतरी घरी जाऊन तो घेतला होता. मातारोला येताना गाडीत ते माझ्या मनात आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे तिचं एक चित्रसुद्धा नव्हतं.

मी दाराजवळच्या बाकावर बसलो. बायका जपमाळ म्हणत होत्या, मीही म्हटली. दुपारी सुतार पेटी घेऊन आला. मातारोतच तिच्या आईच्या कबरीत तिला ठेवलं. तसंही तिनेच सांगितलं होतं. पाद्री घाईत होता, त्याला त्या दिवशी अजून चार ठिकाणी जायचं होतं.

संध्याकाळच्या गाडीने मी परत आलो. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, एका देवदूताच्या पंखाचा साचा अर्धवट राहिला होता, तो पुरा केला. आता सोळा वर्षं झाली. तिचं बोलणं मला जसंच्या तसं ऐकू येतं, अगदी त्या घागरीच्या दिवसापासूनचं. चेहरा मात्र आठवायला बसलो की नीट येत नाही.